एकटीच्या प्रवासासाठी हवेचा पंप : सव्वा महिन्याची तालीम आणि सव्वातीन हजार किलोमीटर

फेब्रुवारीत पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत एकटीने गाडी चालवत जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे, असे ठरल्यावर मी जी खरेदी केली, तिच्यातली सर्वांत अनाकर्षक वस्तू म्हणजे गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप. त्याची किंमत २,१५० रुपये पडली. त्याच्या जोडीला ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढण्याचा ४२० रुपयांचा संच घेतला होता, तो पुढे का बदलावा लागला ते ओघात सांगेनच. निघण्यापूर्वी सव्वा महिना सोसायटीच्या वाहनतळात आणि नंतर अकरा दिवस रस्त्यावर हा पंप वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातले पंप बाजारात चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि वाचकाने डब्यावरचे नाव पाहण्यापेक्षा त्याची नळी, वायर आणि टोकाचा पेच पाहून निवड करावी असे मला वाटते.

माझी गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. टायर १६५/८० आर १४ मापाचे, ट्यूबलेस. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीनुसार चारही चाकांत ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा हवी. रस्ता सरळ होता : बंगळूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि तिथून पुढे महामार्ग ४४, म्हणजे एका बाजूचे साधारण पंधराशे किलोमीटर. या रस्त्यावर पंक्चरची दुकाने नाहीत असे मुळीच नाही, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांकही आहे. तरीही गाडीत एकटे असताना चाक बसले तर मदत येईपर्यंतचा वेळ आपल्याला कडेलाच उभे राहून काढावा लागतो, आणि हा वेळ कमी करणे एवढेच या पंपाचे काम आहे. गाडीत दुसरा माणूस असेल तर एक जण चाकाशी आणि एक जण येणाऱ्या वाहनांकडे पाहत उभा राहतो; एकट्याच्या वाट्याला दोन्ही कामे येतात. म्हणून वस्तू किती लवकर हवा भरते यापेक्षा ती एकाच माणसाला, वाकलेल्या अवस्थेत, अपुऱ्या उजेडात हाताळता येते का, याच कसोटीवर मी ती तपासली.

निवड करताना चार प्रकार समोर होते. पायाने दाबायचा पंप स्वस्त आणि न बिघडणारा असतो. शेजाऱ्यांकडचा आणून पाहिला, पण अर्ध्या बसलेल्या चाकात हवा भरताना माझ्या गुडघ्यांनी हरकत घेतली. चार्जिंगवर चालणारा, हातात मावणारा पंप दिसायला देखणा आहे, परंतु वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूची बॅटरी नेमकी त्या दोन वेळांना भरलेली असेल याची खात्री मी माझ्या स्वभावाकडे पाहता देऊ शकत नाही, शिवाय उन्हात तापलेल्या बंद गाडीत लिथियमची बॅटरी दिवसेंदिवस ठेवणे मला पटले नाही. पंक्चर आपोआप बुजावे म्हणून टायरमध्ये ओतायच्या द्रवाबद्दल आमच्या पंक्चरवाल्या मामांनी जे उद्गार काढले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. त्यांचा मुद्दा असा की आतून चिकट झालेला टायर नंतर नीट दुरुस्त करताना आधी धुवावा लागतो. चौथा प्रकार थेट बॅटरीला चिमटे लावून चालणाऱ्या जोड-सिलिंडरच्या मोठ्या पंपाचा. तो मोठ्या एसयूव्हीच्या टायरांसाठी योग्य आहे, पण माझ्या चाकांसाठी अनाठायी ठरला असता. गाडीच्या सॉकेटला मर्यादा असते, माझ्या सॉकेटच्या झाकणावर १२० वॉट असे स्पष्ट छापलेले आहे. पंपाची ताकद त्याच्या आत असली पाहिजे, हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही. माझा पंप १२० वॉटचा, म्हणजे दहा अँपिअर ओढणारा आहे.

पहिल्याच दिवशी पाचही चाके तपासली. चार चाके २८ ते ३० च्या दरम्यान होती आणि डिकीच्या तळातली स्टेपनी १८ वर. सात वर्षे ती बिचारी सामानाखाली पडून होती आणि तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते, त्यात सर्व्हिस करणारेही आले आणि मीही आले. (स्टेपनी हा आपल्या तोंडात बसलेला शब्द मूळचा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा, विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जादा चाके तयार होत, आणि रस्त्याचे नाव चाकाला मिळाले.) पंपाने १८ पासून ३२ पर्यंत हवा भरायला सव्वाचार मिनिटे घेतली. पूर्ण रिकाम्या टायरला नऊ मिनिटे लागली. डब्यावर दहा मिनिटे चालवून दहा मिनिटे विश्रांती द्या असे लिहिले आहे, त्यामुळे एक चाक शून्यावरून भरणे ही त्याची कमाल मर्यादा समजावी. आवाज मोठा आहे, बोलणे थांबवावे लागते इतका. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे म्हणजे बॅटरीवर ताण येत नाही; मात्र तळघरातल्या वाहनतळात हे करू नये, धूर कोंडतो. मी गाडी दर वेळी उघड्यावर आणत असे.

मीटरचे म्हणाल तर तो दोन पीएसआयने जास्त दाखवतो. हे समजायला मला ३५० रुपयांचा काट्याचा वेगळा मीटर घ्यावा लागला आणि दोन पेट्रोल पंपांवरच्या यंत्रांशी पडताळा घ्यावा लागला. तिघांचे एकमत झाले आणि माझा पंप एकटा पडला. हा दोष क्षम्य आहे, कारण तो दर वेळी तेवढाच असतो; ३२ हवे असेल तर ३४ वर थांबवायचे. ठरवलेला आकडा आला की पंप आपोआप बंद होतो, ही सोय एकट्या माणसाला फार उपयोगाची आहे, कारण तेवढ्या वेळात मान वर करून रस्त्याकडे पाहता येते. मात्र एकक बदलायचे बटण चालू-बंदच्या बटणाला इतके चिकटून आहे की अंधारात एकदा माझ्याकडून ते दाबले गेले आणि पडद्यावर किलोपास्कल आले. २२० किलोपास्कल म्हणजे सुमारे ३२ पीएसआय, हे ठाऊक नसणारा माणूस २२० हा आकडा पाहून घाबरेल. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे.

माझी खरी तक्रार नळीच्या टोकाबद्दल आहे. हे टोक पितळी असून टायरच्या व्हॉल्व्हवर पेचाने फिरवून बसवावे लागते. बसवताना अडचण येत नाही. काढताना चार-पाच फेरे उलटे फिरवावे लागतात आणि त्या काळात हवा फुसफुसत राहते. मी मोजले : सवय नसताना दीड पीएसआय, सवय झाल्यावर अर्धा. याहून वाईट म्हणजे चार-पाच मिनिटे पंप चालल्यावर ते पितळ इतके तापते की उघड्या बोटांनी धरवत नाही. पहिल्या वेळी मी ते सोडले, पुन्हा धरले, पुन्हा सोडले, आणि एवढ्या वेळात भरलेली हवा पुष्कळशी निघून गेली. आता पंपाच्या पिशवीत सुती हातमोज्यांची जोडी असते. अंगठ्याने खटका दाबून बसवायचे टोक असलेला पंप मिळत असेल तर शे-दोनशे रुपये जास्त देऊन तोच घ्यावा. माझ्या दृष्टीने या वर्गातल्या पंपांमधला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे, आणि जाहिरातीत तो कोणीच सांगत नाही.

वायर तीन मीटर लांब आहे आणि हवेची नळी साठ सेंटिमीटर. पुढच्या सॉकेटपासून मागच्या उजव्या चाकापर्यंत ती दार किंचित उघडे ठेवून पुरते, पण ताणून. गाडी याहून लांब असेल तर आधी सुतळीने मोजून पाहावे. अंगचा दिवा पंपाच्या पुढच्या बाजूला आहे, नळी मात्र बाजूने निघते. परिणामी पंप जमिनीवर ठेवला की दिवा रस्ता उजळतो आणि व्हॉल्व्ह अंधारात राहतो. रात्री दहा वाजता सोसायटीच्या मागच्या अंगणात हे लक्षात आले हे बरे झाले. दुसऱ्या दिवशी कपाळाला बांधायचा दिवा घेतला. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये, कारण त्याच वेळी तो कोणाशी तरी बोलण्यासाठी लागतो.

आता पंक्चरच्या संचाकडे वळते. ४२० रुपयांच्या संचात पिळाच्या टोकाची एक सळई, नेढे असलेली एक सुई, चिकट रबरी पट्ट्या, सोल्युशनची ट्यूब आणि कटर होता. घरी बसून त्याचे चित्रफितीतले प्रात्यक्षिक पाहिले तेव्हा हे काम भाजी चिरण्याइतके सोपे वाटले. नंतर सातारा रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेले आणि एखादा टाकाऊ टायर सरावाला द्याल का, असे विचारले. त्यांनी आधी मला, मग संचाला न्याहाळले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही करा, मी बघतो.” रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे थर असतात. खिळा पक्कडीने उपसल्यावर त्या भोकात पिळाची सळई घालून पुढे-मागे फिरवत ते साफ आणि जरा रुंद करायचे असते, आणि तिथे त्या तारा जो विरोध करतात त्याची कल्पना चित्रफितीत येत नाही. माझा सगळा भार त्या मुठीवर पडला आणि तिसऱ्याच प्रयत्नाला तिचे प्लास्टिक तडकले. मामा हसले नाहीत, हे मी त्यांचे मोठेपण मानते. संच परत देऊन ६४० रुपयांचा, धातूच्या इंग्रजी ‘टी’ आकाराच्या मुठींचा दुसरा आणला. या मुठी दोन्ही हातांनी धरून छातीच्या भाराने दाबता येतात. ज्यांच्या मनगटात मुळात जोर कमी आहे त्यांना दुसरा पर्याय नाही.

त्या दुपारी मी सात भोके बुजवली, त्यांतली शेवटची तीन मामांच्या पसंतीस उतरली. पट्टी नेढ्यातून मध्यावर ओवायची, तिला सोल्युशन माखायचे, दोन्ही शेपट्या बोटभर बाहेर राहतील इतकी आत दाबायची आणि मग सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढायची; हळू ओढली तर पट्टीही बरोबर येते. वर आलेले टोक कापायचे आणि पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहायचे. हा इलाज फक्त जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावरच्या लहान भोकासाठी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर संच पिशवीतच ठेवावा आणि स्टेपनी काढावी. आणि पट्टीचा इलाज झाल्यावरही सवडीने टायर उतरवून आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी तुकडा) लावून घ्यावा, असे मामांनी दोनदा बजावले. जाता जाता त्यांनी माझ्या स्टेपनीवरचा चार अंकी शिक्का दाखवला. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. “न वापरता ठेवली तरी स्टेपनी म्हातारी होते, ताई,” हे त्यांचे वाक्य ऐकून मी पुढच्या चाकांसाठी घ्यायच्या दोन नव्या टायरांचे तीन केले, आणि तो खर्च पंपाच्या तिप्पट होता.

स्टेपनी बदलण्याची तालीमही याच सुमारास केली आणि ती जवळजवळ फसली. गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्याने चाकाचे नट हलेनातच, कारण सर्व्हिसच्या वेळी ते हवेच्या बंदुकीने आवळलेले होते. लांब होणारा एल आकाराचा पाना ६०० रुपयांना मिळाला आणि त्याच्या टोकावर पाय देऊन नट सुटले. ते सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना, जॅक लावण्यापूर्वी, हा क्रम एकट्या माणसाने विसरता कामा नये. सगळे चाक बदलायला मला अडतीस मिनिटे लागली. पंपाने हवा भरायला लागणाऱ्या चार मिनिटांशी ही अडतीस मिनिटे ताडून पाहिली, तेव्हा आपण २,१५० रुपये कशाला दिले याचा हिशेब जुळला. ज्या नव्या गाड्यांमध्ये स्टेपनीच येत नाही (केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली दुरुस्ती होऊन, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना ती सूट मिळाली), त्यांच्या मालकांना तर हा संच हाताळता येणे अटळ आहे.

प्रत्यक्ष प्रवासात पहिला मुक्काम हुबळीला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या आवारात मागचे डावे चाक किंचित बसलेले दिसले. काट्याचा मीटर लावला तेव्हा २१. टायरच्या मधोमध एका स्क्रूचे डोके चमकत होते. सव्वा महिना सराव केलेल्या माणसाला तिथे पक्कड काढण्याचा मोह होतो, आणि तो मी आवरला. रुतलेला स्क्रू स्वतःच भोकाचे बूच असतो. तो उपसला की सावकाश जाणारी हवा एकदम जाते आणि मग पट्टी बसलीच पाहिजे अशी वेळ येते. मी पंपाने ३४ पर्यंत हवा भरली, चहा घेतला, अर्ध्या तासाने पंपाच्याच मीटरवर पुन्हा मोजली तेव्हा ३३ होती. म्हणजे दोन किलोमीटरवरच्या दुकानापर्यंत जायला काहीच धोका नव्हता. तिथे टायर उतरवून आतून मशरूम लावला, साडेतीनशे रुपये घेतले आणि साडेदहाच्या आत मी महामार्गावर होते. पंपाचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच : त्याने दुरुस्ती केली नाही, पण दुरुस्ती कुठे आणि कोणाकडून करायची हे ठरवण्याइतका वेळ मिळवून दिला. संचातली एकही पट्टी संपूर्ण प्रवासात वापरली गेली नाही, आणि तरीही तो सराव वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण स्क्रूकडे पाहताना हात कापले नाहीत ते त्यामुळेच.

पुढे मदुराई सोडल्यावर विरुधुनगरजवळ दुपारी दीड वाजता थांबले असताना सहज मीटर लावला तर चारही चाके ३६-३७ दाखवत होती. ही वाढ उन्हाची आणि धावण्याची असते. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की दाब साधारण एक पीएसआयने चढतो. तेव्हा हवा सोडून ३२ वर आणली तर रात्री थंड झाल्यावर चाके कमी दाबाची होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तशाच चाकांवर वेगाने जाणे अधिक वाईट. हवा नेहमी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजावी. स्वतःचा पंप असण्याचा हा दुसरा फायदा आहे, कारण पेट्रोल पंपावरच्या यंत्रापर्यंत गाडी नेईतो टायर गरम झालेले असतात. रोज सकाळी पाच मिनिटे यासाठी द्यायची सवय मला लागली आणि लॉजचे रखवालदारही उत्सुकतेने जवळ येऊ लागले. कन्नड आणि तमिळ यांतले मला चार शब्दही येत नाहीत, पण पंक्चर आणि स्टेपनी हे दोन शब्द कन्याकुमारीपर्यंत सर्वांना कळतात.

एक सूचना सामान भरण्याविषयी. पंप, मीटर, हातमोजे, कपाळाचा दिवा आणि पंक्चरचा संच यांची एकच पिशवी करून ती शेजारच्या सीटखाली ठेवावी, डिकीत नव्हे. स्टेपनीच्या वर मात्र जड बॅग ठेवू नये. ती उचलून रस्त्याच्या कडेला ठेवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्या वेळात गाडीबरोबर आलेला लाल त्रिकोण मागे पन्नास पावलांवर नेऊन ठेवता येतो.

हा पंप पुन्हा घेईन का, याचे उत्तर असे की हाच प्रकार घेईन, पण खटक्याच्या टोकाचा. १४ ते १६ इंची चाकांच्या गाडीसाठी, सॉकेटच्या मर्यादेत बसणारा आणि आपोआप बंद होणारा पंप दोन हजारांच्या आसपास मिळत असेल तर तो पैसे वसूल करतो. मोठ्या टायरांच्या गाडीसाठी किंवा दररोज वापरण्यासाठी मी याची शिफारस करणार नाही.

परतीच्या वाटेवर कृष्णगिरीला सकाळी पंप चालू असतानाच मी गाडी सुरू केली आणि तो गप्प झाला. चूक माझीच होती. इंजिन सुरू होताना सॉकेटची वीज क्षणभर तुटते, आणि दाब भरलेल्या नळीविरुद्ध पुन्हा सुरू होताना पंप एकदम जास्त वीज ओढतो. त्याच्या प्लगचे टोक पेचाने उघडते आणि आत काचेचा पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, तो उडाला होता. डब्यात जादा फ्यूज दिलेला नाही, ही कंपनीची कंजूसी. बसस्थानकाजवळच्या विजेच्या दुकानात वीस रुपयांना दोन मिळाले, त्यांतला उरलेला एक मी पंपाच्या पोटाशी चिकटपट्टीने चिकटवून ठेवला आहे.